तक्त्यातील 'रिपेअर' व 'रिप्लेस' या दोन शब्दांच्या जागा आपसात बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

अर्जदार : पंपचालक, खालचे पंपघर.

दिनांक : १४ मार्च

विषय : तपासणी तक्त्यात पंपापुढे 'रिप्लेस' व चालकापुढे 'रिपेअर' अशी जी खूण झाली आहे, ती उलट करून मिळणेबाबत, तसेच २० तारखेस येणारा भंगाराचा ट्रक थांबवणेबाबत.

संदर्भ : १) खालच्या पंपघराचा तपासणी तक्ता, पाने दोन.
२) तीन दिवसांच्या प्रशिक्षणास हजर राहण्याचे पत्र.
३) बदली चालक मिळावा म्हणून केलेले माझे तीन अर्ज. (पहिल्याचे उत्तर : विचाराधीन. दुसऱ्याचे उत्तर : विचाराधीन. तिसऱ्याला उत्तर नाही.)

महोदय,

१. पंप चालू झाल्यावर, त्याच्या फिरत्या दांड्यापाशी पाण्याचे थेंब हवे तेवढेच गळत आहेत याची खात्री करून, हात पुसून मगच हा अर्ज लिहावयास घेतला आहे. तरीही कागदावर कोठे डाग आढळल्यास तो तेलाचा समजावा, डोळ्यांतील पाण्याचा समजू नये. माझा डावा डोळा गेल्या वर्षी बरा झाला असून तो आता विनाकारण गळत नाही. या डोळ्याचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून त्याची नोंद आधीच करून ठेवतो.

२. मी खालच्या पंपघरात अठ्ठावीस वर्षे पंपचालक असून येत्या ३१ ऑगस्टला निवृत्त होत आहे. पंपघर म्हणजे एक खोली. तिला एक दार आहे, ते उचलून धरल्याशिवाय लागत नाही. आत एक बाक, एक नोंदवही, भिंतीवर स्टार्टरची पेटी आणि मधोमध पंप. हा पंप खालच्या हौदातले पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवतो. त्या टाकीवर तीन गल्ल्या, एक शाळा आणि एक प्रसूतिगृह अवलंबून आहे. माझ्या आधीचे चालक, ज्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणत असू, त्यांनी या पंपाचे नाव आत्याबाई ठेवले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सुरू झाली की कुरकुरते, पण काम टाकून कधी उठत नाही." पुढे मीही तेच नाव चालू ठेवले. या अर्जात कोठे पंपाऐवजी आत्याबाई असे लिहिले गेल्यास ती एकच यंत्रणा आहे असे धरून चालावे.

३. दि. २१ फेब्रुवारी रोजी आपल्या कार्यालयाचे तपासणी अधिकारी टॅब घेऊन आले. माणूस सज्जन. आल्या आल्या पाणी प्याले आणि पाणी चांगले आहे म्हणाले. त्यांच्या टॅबवर डावीकडे पंप, मोटर, दार, छप्पर, बाक व चालक अशी यादी होती आणि प्रत्येकापुढे ओके, रिपेअर, रिप्लेस असे तीन चौकोन. त्यांनी एकूण चाळीस मिनिटे तपासणी केली. त्यातील पस्तीस मिनिटे ते नोंदवहीत पंप बंद असल्याचे दिवस बोटाने मोजत होते. तीन वर्षांत सव्वीस दिवस भरले. नियमाप्रमाणे दहापेक्षा जास्त भरले की 'रिप्लेस' हा चौकोन आपोआप भरतो, असे त्यांनी मला मोठ्याने ओरडून सांगितले. ओरडावे लागले, कारण त्यांच्या शेजारी पंप चालू होता. बाक ओके ठरला. दार व छप्पर यांना रिपेअर. मोटर पंपासोबत गेली. शेवटी चालक. माझ्यापुढेही त्यांनी रिपेअरवर बोट ठेवले. मी विचारले, साहेब, आत्याबाईला एक न्याय आणि मला दुसरा का? माझ्या वयाकडे पाहता उलट हवे होते. त्यावर ते म्हणाले, "काका, माणसापुढे रिप्लेसचा चौकोन दाबताच येत नाही. तो राखाडी आहे. ते आस्थापना शाखेचं काम. तुम्ही रिपेअर, म्हणजे तुमचं प्रशिक्षण."

४. येथे मला कबूल केले पाहिजे की माझे इंग्रजी शिक्षण स्टार्टरच्या पेटीवर झाले आहे. तिच्यावर ऑन, ऑफ आणि डेंजर असे तीनच शब्द आहेत आणि अठ्ठावीस वर्षांत मला चौथ्याची गरज पडली नाही. रिपेअर हा शब्द सायकलच्या दुकानामुळे ओळखीचा होता. रिप्लेसचा अंदाज आला, पण नुसत्या अंदाजावर कोणाचे भंगार होऊ देणे मला पटेना. म्हणून या दोन शब्दांचा मी माझ्या परीने अभ्यास केला. त्याचा अहवाल आपल्या माहितीसाठी पुढे देत आहे.

माझी सून शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. तिने वहीत मधोमध रेघ मारली आणि म्हणाली, "बाबा, रिपेअर म्हणजे तीच वस्तू पुन्हा चालती करणं. रिप्लेस म्हणजे तिला उठवून तिच्या जागी दुसरी बसवणं." एवढे मला समजले. पण तिने पुढे वापरातला फरक सांगितला, तेव्हा मी वही माझ्याकडे ओढून घेतली. रिपेअर हा शब्द बिघडलेल्या वस्तूलाच लावता येतो. धडधाकट खुर्ची रिपेअर केली असे कोणी म्हणत नाही. रिप्लेसला तसली अट नाही. वस्तू उत्तम चालत असली तरी ती रिप्लेस होऊ शकते. शिवाय रिपेअर करणाऱ्याला वस्तू उघडून पाहावी लागते, रिप्लेस करणाऱ्याला तिच्याकडे पाहण्याचीही गरज नसते. हे शेवटचे वाक्य सुनेचे नाही, माझे आहे. तिने ते वहीत लिहून घेतले आणि सातवीला सांगेन म्हणाली.

मी विचारले, आणि माणसाचे काय? तेव्हा ती म्हणाली, "खेळाडू रिप्लेस होतो, शिक्षक रिप्लेस होतो. पण माणूस रिपेअर होत नाही बाबा. माणूस बरा होतो." म्हणजे माझ्या नावापुढे केलेली खूण भाषेच्या हिशेबानेही टिकत नाही, हे आपल्या निदर्शनास आणून देतो.

तिने असेही सांगितले की जुन्या इंग्रजीत रिप्लेस म्हणजे वस्तू उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवणे, असाही एक वापर आहे. त्या हिशेबाने आपल्या आदेशाचा अर्थ पंप जागच्या जागी राहू द्यावा असाही निघतो. पण ती लगेच म्हणाली, "बाबा, हे वकिलाला शोभेल, तुम्हाला नाही." मलाही तसेच वाटले. म्हणून तो मुद्दा येथेच सोडून देतो.

५. पुस्तकी ज्ञानावर अवलंबून न राहता मी प्रत्यक्ष धंद्यातल्या माणसांनाही विचारले. आमच्या कोपऱ्यावर चप्पल शिवणारे गृहस्थ बसतात. त्यांना विचारले की किती बदलले म्हणजे रिपेअर आणि कोठून पुढे रिप्लेस? त्यांनी तोंडातला दोरा न काढता सांगितले, "तळ बदलला तरी रिपेअर, पट्टा बदलला तरी रिपेअर. दोन्ही बदलले तरी पायाला ओळख पटते तोवर रिपेअरच. पाय बुजला की समजायचं, नवी झाली." हे उत्तर मला इतके पटले की माझी चांगली चप्पल त्यांच्याकडून उगाच एकदा शिवून घेतली.

आत्याबाईलाही ते लागू पडते. माझ्या कारकिर्दीत तिचे बेअरिंग चार वेळा बदलले, आतला पंखा दोनदा आणि दांड्याभोवतीची पाणी अडवणारी दोरी किती वेळा त्याची गणती नाही. हे सर्व मी दुपारी, टाकी भरलेली असताना, तासाभरात उरकत आलो. त्यापायी एकही दिवस पाणी चुकले नाही. रोज सकाळी स्टार्टर दाबल्यावर तिच्या अंगावर तळहात ठेवायचा आणि वीस आकडे मोजायचे, ही वस्तादांनी घालून दिलेली रीत आहे. थरथर मनगटापर्यंत आली तर सगळे ठीक. कोपरापर्यंत चढली तर बंद करून कारण शोधायचे. आज अठ्ठावीस वर्षे माझ्या तळहाताला तिची ओळख पटते आहे. चप्पलवाल्यांच्या व्याख्येप्रमाणे ती अजून रिप्लेसच्या अलीकडे आहे.

दाताच्या डॉक्टरांनाही विचारले. ते म्हणाले, "आधी रिपेअर करून पाहतो, नाहीच जमलं तर रिप्लेस." माझ्या खालच्या दाताबाबत त्यांनी हाच क्रम पाळला होता. आपल्या कार्यालयाने आत्याबाईबाबत पहिली पायरी वगळली आहे, हे खेदाने नमूद करतो.

घरी आमच्या सौंनाही विचारले, कारण दुरुस्तीचा त्यांचा अनुभव माझ्याहून दांडगा आहे. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षं रिपेअरच करतेय. रिप्लेस करायचं म्हटलं तर बाजारात हा नमुना मिळायला नको का?" ही स्तुती होती की कसे, हे सुनेलाही सांगता आले नाही. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

६. आता मुख्य मुद्द्यावर येतो. हा परिच्छेद गाळावा असे सुनेचे मत पडले, कारण त्यामुळे मीच गोत्यात येईन. तो ठेवला आहे.

नोंदवहीतील सव्वीस दिवस पंप बंद होता, पण पंप बिघडला नव्हता. बिघडलो होतो मी. पंपघरात नोंदवही एकच आहे. पूर्वीच्या उपअभियंत्यांचा लेखी आदेश असा होता की पंपघर कोणत्याही कारणाने बंद राहिल्यास ते कारण, नादुरुस्त भाग, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव व शेरा लिहावा. आदेश म्हणजे आदेश. त्याप्रमाणे मी प्रत्येक वेळी खरेखरे लिहिले. चौदा दिवस : कारण, गुडघा. भाग, उजवा. दुरुस्ती, मोठ्या हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर. शेरा, वाकतो पण आवाज करतो. सात दिवस : कारण, मोतीबिंदू. भाग, डावा डोळा. शेरा, भिंग नवे बसवले, आता दुरून येणारा अधिकारीही दिसतो. दोन दिवस : कारण, दात. शेरा, सुटा झाला. तीन दिवस : कारण, उचकी. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, कोणी नाही. शेरा, आपोआप थांबली, सौंच्या मते साखरेने.

तपासणी अधिकाऱ्यांनी दिवसांचा रकाना मोजला आणि कारणाचा रकाना पाहिलाच नाही. पाहिला असता तर निदान उचकीपाशी तरी थबकले असते. पंपाला उचकी लागत नाही. लागलीच तर ती साखरेने थांबत नाही.

त्यामुळे झाले असे की आजारी मी पडलो आणि आयुष्य संपल्याचा शेरा तिच्यावर बसला. माझ्या गुडघ्यापायी आत्याबाई भंगारात जाते आहे. महोदय, विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला याची लाज वाटते. गेले तीन आठवडे मी तिच्या अंगावर हात ठेवून वीस मोजतो तेव्हा माझी मान वर होत नाही.

७. यापुढचे कबूल करणे त्याहून कठीण आहे. त्या नोंदींत 'गुडघा', 'डोळा', 'दात', 'उचकी' हे सर्व खरे आहे. फक्त 'पंप बंद' एवढे दोन शब्द खोटे आहेत. त्या सव्वीसच्या सव्वीस दिवस पंप चालू होता.

चालक रजेवर असल्यास पंपघर बंद ठेवावे, अनधिकृत व्यक्तीने यंत्राला हात लावू नये, असा नियम आहे. म्हणूनच मी बदली चालकासाठी तीन अर्ज केले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि अर्ज विचाराधीनच राहिले. तेव्हा आपल्याच विभागाच्या मीटर वाचणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. या बाई चौदा वर्षे त्या तीन गल्ल्यांतली पाण्याची मीटरे वाचत चढावर फिरतात. दर महिन्याला पंपघराचे मीटर वाचायला येतात तेव्हा घटकाभर बाकावर टेकतात. काही वर्षांपूर्वी अशाच बसल्या असताना म्हणाल्या, "काका, आज हिचा आवाज जड आहे." मला काही कळले नव्हते. तळहात ठेवून पाहिले तर थरथर कोपराकडे निघाली होती. बंद करून पाहिले, तर हौदाच्या जाळीत पालापाचोळा अडकला होता. बाईंचा कान माझ्या हातापेक्षा तयार आहे, हे मला त्या दिवशी समजले. मला थोडे वाईटही वाटले. पुढे येता जाता त्या विचारत गेल्या आणि मी दाखवत गेलो. तेल कोठे, किती, थेंब किती गळू द्यायचे, झडप किती फेरे उघडायची, हे सारे त्यांनी बसल्या बसल्या शिकून घेतले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांना नियम सांगितला आणि चौदा दिवस पाणी बंद राहील म्हणालो. बाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "गुडघा तुमचा दुखतोय काका, पाणी त्यांचं का बंद? वर प्रसूतिगृह आहे. मी रोज मीटर वाचायला जाते, त्या बाया मला ओळखतात. उद्या त्यांना काय सांगू, काकांचा गुडघा?" मी किल्ली दिली. बाई रोज सकाळी लवकर येऊन पंप चालवत, मग मीटरे वाचायला जात आणि परतताना पुन्हा येत. डोळा, दात आणि उचकी या तिन्ही वेळी त्यांनीच सांभाळले. नोंदवहीत त्यांचे नाव लिहिले असते तर नियमभंगाबद्दल त्यांच्यावर बालंट आले असते. म्हणून 'बंद' लिहिले. किल्ली मी दिली आणि खोटेही मीच लिहिले. सबब याबाबत जी काही कारवाई करावयाची असेल ती माझ्या एकट्यावर व्हावी. बाईंचा गुन्हा एवढाच की त्यांनी पाणी चढवले.

८. हे मी आता पदरचे सांगतो आहे असे वाटू नये म्हणून पुरावा जोडतो. टेकडीवरचे रखवालदार रोज सकाळ-संध्याकाळ टाकीतल्या पाण्याची उंची वहीत लिहितात. ते नोंदवहीत काय लिहिले आहे ते पाहत नाहीत आणि मी त्यांच्या वहीत ढवळाढवळ करू शकत नाही, कारण उजव्या गुडघ्यामुळे मी टेकडी चढत नाही. त्यांच्या वहीप्रमाणे माझ्या हाताखाली टाकी सरासरी दहा फूट भरते. पंप 'बंद' असलेल्या सव्वीस दिवसांत ती सरासरी अकरा फूट भरली होती. एक फूट जास्त कसे, हे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोनदा चहाला उठता ना." आता एकदाच उठतो.

आणखी एक बाब नम्रपणे नजरेस आणतो. कागदोपत्री सव्वीस दिवस पंप बंद होता, आणि त्या सव्वीस दिवसांत तीन गल्ल्या, शाळा व प्रसूतिगृह यांपैकी कोणाचीही पाणी आले नाही अशी तक्रार आपल्या कार्यालयात नाही. पंपाशिवाय पाणी टेकडी कसे चढले, असा प्रश्न आजवर कोणालाही पडला नाही. तपासणी अधिकाऱ्यांनी पंपाला रिप्लेस ठरवण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर माझा आणि आपला बराच कागद वाचला असता.

९. संदर्भ क्र. २ च्या पत्राप्रमाणे माझे रिपेअर दि. २१ ते २३ मार्च असे तीन दिवस होणार आहे. नवा पंप स्वतःच चालू होतो, स्वतःच बंद होतो आणि त्याला एक बटण आहे, असे पत्रात म्हटले आहे. एका बटणाला तीन दिवस कसे पुरवणार, हे मी फोनवर विचारले. उत्तर असे मिळाले की पहिल्या दिवशी ओळख, दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. मी त्या नव्या पंपाच्या वाईटावर नाही. जेथे जुना पंप खरोखर दमला असेल तेथे तो जरूर बसवावा. परंतु आमच्याकडे दमलेला पंप नाही, दमलेला चालक आहे. आणि तीन दिवसांत त्या प्रमाणपत्राने माझा गुडघा वाकू लागेल असे हाडांचे डॉक्टर म्हणत नाहीत.

१०. सबब, वरील सर्व बाबी ध्यानात घेऊन खालीलप्रमाणे हुकूम व्हावेत, ही विनंती.

(अ) तक्त्यात पंपापुढील 'रिप्लेस' खोडून 'ओके' करावे. तसे करता येत नसल्यास निदान 'रिपेअर' करावे. आत काय दुरुस्त करायचे ते आम्ही शोधून काढू.

(आ) २० तारखेचा ट्रक थांबवावा. तो ठरल्याप्रमाणे आलाच आणि रिकामा परत पाठवणे गैरसोयीचे असेल, तर पंपघरामागे गंजलेल्या पाइपांचा ढीग बारा वर्षे उचलण्याच्या प्रतीक्षेत आहे. तो न्यावा.

(इ) चालकापुढील 'रिपेअर' खोडून तेथे 'रिप्लेस' करावे. राखाडी चौकोन दाबला जात नसेल तर हाताने लिहावे. मी स्वतः सही करून देतो. ३१ ऑगस्टपर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे, पण परिच्छेद सातमुळे त्याआधीच करायचे ठरल्यास माझी तक्रार राहणार नाही.

(ई) माझ्या जागी मीटर वाचणाऱ्या बाईंची रीतसर नेमणूक करावी. त्यांना प्रशिक्षण द्यावे लागणार नाही. सव्वीस दिवसांचा अनुभव आहे, तोही माझ्यापेक्षा एक फूट जास्त. चौदा वर्षे चढ चढून त्यांचेही पाय भरून येतात. त्या सांगत नाहीत, पण बाकावर टेकताना मला दिसते. डावा डोळा आता चांगला आहे.

(उ) दारापुढे 'रिपेअर' लिहिले आहे, ते अगदी बरोबर आहे. आख्ख्या तक्त्यात तेवढी एकच खूण बिनचूक आहे; दार मात्र गेली सात वर्षे तसेच आहे. कृपया सुतार पाठवावा.

(ऊ) तपासणी अधिकाऱ्यांना शक्य असल्यास एके दिवशी सकाळी टॅबशिवाय पाठवावे. तळहात कोठे ठेवायचा ते आम्ही दाखवू. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना दिलेल्या तक्त्यात कान लावण्याचा चौकोन नव्हता.

११. एक शेवटचे. हा अर्ज पाठवायचाच असे काल ठरले, तेव्हा यापुढे नोंदवहीत खोटे लिहायचे नाही असेही ठरवले. म्हणून आज सकाळी मी बाईंना बोलावले, तेलाची बुधली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. हात कोणाचा हे दिसू नये, फक्त आवाज ऐकू यावा, म्हणून. बाईंनी स्टार्टर दाबला. आत्याबाई नेहमीप्रमाणे आधी कुरकुरली, मग लागली कामाला. मी कान देऊन ऐकत राहिलो. मनात होते की कोठेतरी काहीतरी वेगळे वाटेल, निदान तिला तरी कळेल की आज हात दुसरा आहे. वीस आकडे झाले. साठ झाले. आवाजात काडीचाही फरक नव्हता.

मला वाईट वाटले, हे लपवत नाही. अठ्ठावीस वर्षांत एवढी तरी ओळख ठेवायला हवी होती. मग बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मनगटापर्यंतच येतेय काका. झकास आहे." आणि मला इतके बरे वाटले की मी चहाला उठायचेही विसरलो. रिप्लेस या शब्दाचा अर्थ सुनेने दोनदा समजावला होता. तो नीट समजला तो आज, बाकावर बसून.

वीस तारखेच्या आत उत्तर मिळावे, कारण ट्रक उत्तराची वाट पाहत थांबत नाही.

आपला नम्र, गुडघ्याने वाकणारा व मनाने तयार असलेला,

(सही)
पंपचालक, खालचे पंपघर

सोबत :
१) नोंदवहीतील सव्वीस दिवसांच्या पानांच्या प्रती. कारणाचा रकाना लाल पेन्सिलने दाखवला आहे, कृपया वाचावा.
२) टाकीवरील रखवालदारांच्या वहीची प्रत.
३) गुडघा, डोळा व दात यांची वैद्यकीय प्रमाणपत्रे. उचकीचे प्रमाणपत्र मिळत नाही.
४) पंपाचे आजारपणाचे प्रमाणपत्र : निरंक.
५) दोन्ही शब्दांचे अर्थ व वापर, सुनेच्या अक्षरात, मधोमध रेघ मारलेले एक पान.
६) आमच्या सौंचे मत : लेखी द्यायला नकार, म्हणून जोडलेले नाही.
७) प्रशिक्षणाचे पत्र, न वापरता परत.
८) नोंदवहीतील आजच्या नोंदीची प्रत. मजकूर पुढीलप्रमाणे : "दि. १४ मार्च. पंप : चालू. चालवणाऱ्याचे नाव : मीटर वाचणाऱ्या बाई. बंदचे कारण : नाही. नादुरुस्त भाग : नाही. शेरा : आवाज तोच."